देवळालीचे मास्तर आणि एकांची माळ

देवळाली म्हटले की पुष्कळांना तोफखाना आठवतो. मला आठवतात ते एक शाळामास्तर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीला शिक्षक होते. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. पदवी फक्त बी. एस्‌सी. तेवढ्यावरून आपल्याकडच्या कित्येक विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेले. १९४९ साली त्यांनी ६१७४ या आकड्याची गंमत मांडली. पण १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे नाव सर्वदूर झाले. असो.

जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली. त्यांनी स्टेशनाचेच नाव त्या संख्यांना देऊन टाकले! पाटी घ्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा डोंगर असाच चढतो नि उतरतो. पुढे हातचा आडवा येतो.

आता या एकांच्या माळेकडेच पाहू. ११ ही मूळ संख्या. १ आणि स्वतः यांखेरीज तिला कुणी भागत नाही. मग १११? ते ३ गुणिले ३७. सहा एक घेतले तर तीन-तीनांचे दोन गट पडतात, म्हणजे १११ गुणिले १००१. तेव्हा एकांची मोजणीच मूळ नसेल तर माळ तुटणारच. पण मोजणी मूळ असूनही भागत नाही हो! पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा, तेरा, सतरा एकही असेच फुटतात.

एकोणीस एक मात्र फुटत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्कर होप याने ते सिद्ध केले. साधा भागाकार करून पाहायचे तर १०५ कोटींपर्यंत जावे लागेल. एक सवलत आहे. ४१ आणि २७१ यांना पाचाने भागा, बाकी १. २३९ आणि ४६४९ यांना सातांनी भागा, बाकी १. तसे इथे एकोणिसाने भागून १ उरणारे विषम भाजकच तपासायचे. तरी सुमारे पावणेतीन कोटी उरतात!

कापरेकरांनी आवर्ती दशांशांवरही पुस्तिका लिहिली होती. एकाला अकरांनी भागले की ०.०९०९०९ असे येते. त्याच एकाला या एकोणीस एकांनी भागा: अठरा शून्ये, मग ९, पुन्हा अठरा शून्ये, पुन्हा ९. एकोणीस अंकांचे आवर्तन देणारी मूळ संख्या साऱ्या गणितात ही एकटीच. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा पेन्सिल काढतात.

पुढे तेवीस एकांची संख्या मूळ ठरली, मग यंत्राच्या मदतीने ३१७ एकांची. १०३१ एकांची सिद्धता १९८६ साली छापून आली. कापरेकर त्याच वर्षी वारले. २०२२ साली ४९,०८१ एकांची सिद्धता झाली. ती संख्या फळ्यावर लिहायची, तर सेकंदाला एक आकडा धरूनही साडेतेरा तास लागतील.