रोजगार हमीची सुरुवात

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग केला: काम मागणाऱ्याला गावातच काम द्यायचे. त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली. 1972च्या दुष्काळात माणसे कामासाठी रस्त्यांवर आणि पाझर तलावांवर उतरली. बाया खडी फोडत, मातीच्या पाट्या वाहत. संध्याकाळी मुकादम हजेरीपटावर अंगठे घेई.

कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, ही त्यातली खरी ताकद. हात पसरणाऱ्या मजुराला त्याने हक्कदार केले. खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला; खेड्यातल्या रोजगाराचा भार शहराने उचलावा, हा विचार धाडसाचाच होता.

खोट्या हजेऱ्या, उशिरा मिळणारी मजुरी हे दोष राहिलेच, आणि त्यांची झळ सर्वांत गरिबांना बसली. 1990 पासून फळबाग लागवड योजनेला जोडली गेली. देशाने 2005 साली केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.