ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण : प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र आणि व्हिसा

ब्रिटनमधील विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले की घरी पेढे वाटले जातात, गावात अभिनंदनाचा बॅनर लागतो. खरी धावपळ त्यानंतर सुरू होते. व्हिसासाठी गुणवत्तेपेक्षा कागदावरच्या तारखा आणि नावे तपासली जातात. आपल्या समाजातील बहुतेक विद्यार्थी शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जावर जातात, त्यामुळे हा भाग त्यांनी आधीच समजून घेतलेला बरा.

प्रवेशाचा टप्पा तुलनेने सरळ आहे. पदवीचे गुणपत्रक, दोन शिफारसपत्रे, उद्देशपत्र आणि इंग्रजीचा पुरावा एवढ्यावर अर्ज होतो. तीन वर्षांची पदवी बहुतेक विद्यापीठांना चालते. अंतिम वर्षाचा निकाल लागलेला नसेल तर सशर्त प्रवेश मिळतो आणि निकाल व तात्पुरते पदवी प्रमाणपत्र पाठवल्यावर तो विनाशर्त होतो. आपल्याकडे निकाल लांबतात, हे विद्यापीठाला आधीच कळवून मुदत वाढवून मागता येते. अनेक ठिकाणी अनामत रक्कमही भरावी लागते. मग विद्यापीठ 'कॅस' नावाचा क्रमांक देते. त्या क्रमांकाशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही.

विद्यार्थी व्हिसाला ७० गुण लागतात : कॅसचे ५०, पैशांच्या पुराव्याचे १० आणि इंग्रजीचे १०. अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याआधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

गाडी बहुतेक वेळा पैशांच्या १० गुणांवर अडते. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. त्यातला एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी पुरावा बाद होतो. २८ वा दिवस अर्जाच्या तारखेच्या ३१ दिवसांपेक्षा मागे नसावा. रुपयाचा दर खालीवर होतो, म्हणून नेमकी रक्कम न ठेवता थोडी जास्तच ठेवावी.

खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या नावे असावे. आई-वडिलांचे असेल तर जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र जोडावे लागते. काका, मामा किंवा नोकरीला लागलेला मोठा भाऊ कितीही मदत करायला तयार असला, तरी त्याच्या खात्यातली रक्कम धरली जात नाही. त्याने ती वेळेत विद्यार्थ्याच्या खात्यात टाकली पाहिजे. सातबारा, सोने, शेअर्स यांचा इथे उपयोग नाही. मुदत ठेव चालते, मात्र ती मोडता येण्याजोगी हवी. '२८ दिवस पैसे दाखवून देतो' म्हणणाऱ्या एजंटांपासून दूर राहावे. खोटी कागदपत्रे दिल्याचे ठरले तर दहा वर्षे ब्रिटनचा व्हिसा बंद होऊ शकतो, आणि तो फटका एजंटला नव्हे, विद्यार्थ्याला बसतो.

शैक्षणिक कर्जाला २८ दिवसांची अट नाही. बँकेचे मंजुरीपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे, कर्ज विद्यार्थ्याच्या नावे असावे आणि रक्कम प्रवासाआधी हाती येईल किंवा थेट विद्यापीठाला जाईल हे त्यातून स्पष्ट व्हावे.

सरकारी शिष्यवृत्तीचेही तसेच. प्रायोजक फी आणि राहण्याचा पूर्ण खर्च देणार असेल तर बँकेचे विवरण लागत नाही. मात्र पत्रावर प्रायोजकाचे नाव, संपर्क, तारीख, किती काळासाठी मदत आहे आणि रक्कम किती किंवा सर्व खर्च देणार असल्याचा उल्लेख हवा. निवड यादीत नाव असणे म्हणजे हे पत्र नव्हे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. २०२५-२६ च्या निवड यादीत १०६ नावे होती, पण जुलै २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली. इतरांना निधी उपलब्ध झाल्यावर पत्र मिळेल, असे सांगण्यात आले. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार आणि जुलैत पत्र नाही, अशा मुलाने काय करायचे? निवड करणाऱ्या यंत्रणेने ब्रिटनचे वेळापत्रक पाहूनच पत्रे काढायला हवीत. तोवर विद्यार्थ्याने विद्यापीठाला लेखी कळवून अनामत रकमेत सूट, कॅससाठी मुदतवाढ किंवा पुढच्या वर्षी प्रवेश मागावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचाही अर्ज शक्य असेल तर भरून ठेवावा.

शिष्यवृत्तीची मुदत आणि अभ्यासाची मुदत न जुळणे ही जुनीच गोष्ट आहे. बाबासाहेब १९१६ मध्ये कोलंबियाहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. चार वर्षांत परत येण्याची परवानगी मात्र त्यांनी घेऊन ठेवली होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

नावाची अडचणही नेहमीची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, आणि विवाहित मुलींचे नाव दोन्हीकडे वेगळे असू शकते. कॅसवरचे नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का, हे क्रमांक मिळताच तपासावे. फरक असल्यास राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावे.

बाकी खर्च असे : ९ एप्रिल २०२५ पासून व्हिसा शुल्क ५२४ पौंड झाले आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त मिळत असल्याने एका वर्षाच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.साठी हा अधिभार साधारण १,१६४ पौंड होतो. ही रक्कम अर्ज करतानाच भरावी लागते, त्यामुळे शिष्यवृत्ती असली तरी हाताशी पैसे हवेत. भारतातून जाणाऱ्यांना ब्रिटनच्या गृहखात्याने मान्य केलेल्या केंद्रातच क्षयरोगाची तपासणी करावी लागते. तिचे प्रमाणपत्र सहा महिने चालते. काही विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना 'अटास' हे वेगळे मंजुरीपत्र लागते. त्याला वेळ जातो, म्हणून प्रवेश मिळताच अर्ज करावा.

सत्र सुरू असताना पदव्युत्तर विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास काम करता येते. त्यावर फी भागेल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. जानेवारी २०२४ पासून वर्गशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सामान्यतः जोडीदार आणि मुले सोबत नेता येत नाहीत. पीएच.डी., संशोधनावर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि काही सरकारी प्रायोजित विद्यार्थी यांना मुभा आहे. शिक्षणानंतर तिथे राहण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचा मिळेल. पीएच.डी.धारकांची तीन वर्षे कायम राहतील.

व्हिसा नाकारला गेला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, शुल्क मिळत नाही. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेले असते. अधिकाऱ्याकडून चूक झाली असे वाटल्यास भारतातून अर्ज केलेल्यांना २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. आपलाच कागद कमी पडला असेल, तर तो दुरुस्त करून नव्याने अर्ज करणे हाच मार्ग. त्यासाठी आधीचा कॅस वापरला गेलेला असल्याने विद्यापीठाकडून नवा घ्यावा लागतो.