जिवाणूंवर जगणारे जिवाणू

मातीतील जिवाणू म्हटले, की हवेतील नत्र स्थिर करणारे किंवा पालापाचोळा कुजवणारे जिवाणू आठवतात. परंतु त्याच मातीत इतर जिवाणूंना मारून त्यांच्यावर उपजीविका करणारे जिवाणूही असतात. जमिनीतील पोषकद्रव्यांचे चक्र फिरते ठेवण्यात या शिकाऱ्यांचाही वाटा आहे.

त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेला जिवाणू म्हणजे ‘डेलोव्हिब्रिओ’. १९६२ साली श्टोल्प आणि पेट्झोल्ड हे जर्मन संशोधक, वनस्पतींना रोग जडवणाऱ्या जिवाणूंचा नाश करणारे विषाणू मातीत शोधत होते. अशा विषाणूंमुळे बशीतील जिवाणूंच्या थरावर स्वच्छ ठिपके पडतात. काही ठिपके मात्र उशिराने उमटले आणि वाढतच गेले. त्यांत विषाणू नव्हे, तर स्वल्पविरामाच्या आकाराचे चपळ जिवाणू सापडले. ग्रीक भाषेतील जळू या अर्थाच्या शब्दावरून १९६३ साली त्यांचे नामकरण झाले.

डेलोव्हिब्रिओची रुंदी जेमतेम अर्धा मायक्रोमीटर असते. बाहेरून दुसरे पातळ आवरण असलेल्या, म्हणजे ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ जिवाणूंचीच तो शिकार करतो. शेपटीसारख्या कशाभिकेच्या साहाय्याने वेगाने पोहत तो भक्ष्यावर आदळतो, बाह्य आवरणाला छिद्र पाडून दोन आवरणांमधील पोकळीत शिरतो आणि मागे छिद्र बुजवून टाकतो. भक्ष्य मरते व गोलाकार होते. त्यातील द्रव्ये पचवत शिकारी तंतूसारखा लांबतो, त्याचे विभाजन होते आणि तीन-चार तासांत नवे शिकारी बाहेर पडतात.

‘मिक्सोकॉकस’ची रीत निराळी आहे. हे जिवाणू झुंडीने सरपटतात आणि वाटेत येणाऱ्या जिवाणूंच्या पेशी फोडून बाहेर पडणारे अन्न शोषून घेतात. उपासमार झाली, की त्यांच्या सुमारे एक लाख पेशी एकत्र येऊन घुमटासारखा पुंजका बनवतात. त्यातील काही पेशींचे टिकाऊ बीजाणू होतात.

मग भक्ष्य जिवाणू नामशेष का होत नाहीत? मातीच्या कणांमधील अतिसूक्ष्म पोकळ्यांत अनेकांना आश्रय मिळतो. शिवाय भक्ष्य विरळ झाले, की डेलोव्हिब्रिओचीच उपासमार होते. कारण तो स्वतःची ऊर्जा फार झपाट्याने खर्च करतो. शिकारी घटले, की भक्ष्य पुन्हा वाढते.

शिकार झालेल्या पेशींतील नत्र व स्फुरद यांचा काही भाग मातीत मोकळा होतो आणि तो वनस्पतींना व इतर सूक्ष्मजीवांना उपयोगी पडतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केवळ शिकारीवर जगणारे जिवाणू इतर जिवाणूंपेक्षा ३६ टक्के अधिक वेगाने वाढत असल्याचे आढळले. मातीत सेंद्रिय पदार्थ मिसळल्यावर त्यांची वाढ आणखी जोमदार झाली. जमिनीला मिळालेले सेंद्रिय द्रव्य कुजवणाऱ्या जिवाणूंपाशीच थांबत नाही, तर त्यांना खाणाऱ्यांपर्यंत पोहोचते, हेच यातून स्पष्ट होते.