घंटी एकाची, कोठडी सगळ्यांना

मागच्या बाकावर शीळ वाजली की आमचे मास्तर अख्ख्या वर्गाला अंगठे धरायला लावीत. मास्तरांच्या वर अपील कुठलं! अमेरिकेत नायगरा फॉल्सचे न्यायाधीश रॉबर्ट रेस्टेनो यांनी ११ मार्च २००५ रोजी तेच केलं. भर कोर्टात मोबाइल वाजला, कुणाचा ते कुणी कबूल करेना. झालं! एकेक करीत ४६ आरोपी कोठडीत. जामिनाचे पैसे नसलेले १४ जण बेड्यांसह तुरुंगात. वार्ताहर चौकशीला लागले, तेव्हा कुठे त्याच दिवशी सगळे सुटले. शांतता राखण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहेच. एकाच्या खिशातल्या घंटीपायी बाकीच्यांना डांबण्याचा नाही. २००८ साली वरिष्ठ न्यायालयानं साहेबांची खुर्चीच काढली. गंमत म्हणजे २०१९ साली गावानं त्यांनाच महापौर निवडलं. मतदारांच्या निकालावर अपील चार वर्षांनीच!