बारा भागांचा 'मिडलमन'

२००८ सालचा अमेरिकेतला उन्हाळा सुपरहीरोंचा होता. मे महिन्यात 'आयर्न मॅन' आला, १८ जुलैला 'द डार्क नाइट'. थिएटरमधून बाहेर पडणारी मंडळी म्हणत होती की कॉमिक्स आता वयात आली. हीरो कसा जखमी हवा, आतून पोखरलेला हवा, आवाज घोगरा हवा! नेमक्या त्याच उन्हाळ्यात, १६ जूनपासून दर सोमवारी, एबीसी फॅमिली नावाच्या केबल चॅनेलवर एक हीरो दिसायचा. तो ग्लासभर दूध प्यायचा, शिवी म्हणून देत नसे, लष्करी जाकीट इस्त्री करून घालायचा आणि जग वाचवायचा. १ सप्टेंबरला मालिका संपली. बारा सोमवार, बारा भाग. बस्स.

मालिकेचं नाव 'द मिडलमन'. मी ती बऱ्याच उशिरा, डीव्हीडीवर, एका शनिवार-रविवारात संपवली. तेव्हापासून भेटेल त्याला तिच्याबद्दल सांगत सुटतो. आज तुमची पाळी :-)

आधी गोष्ट. वेंडी वॉटसन ही आर्ट स्कूल झालेली, चित्रकार, आणि पोटासाठी मिळेल तिथे टेंपची नोकरी करणारी मुलगी. आज या ऑफिसात, उद्या त्या. (कॉन्ट्रॅक्टवर क्लायंटच्या ऑफिसात बसलेल्यांना वेगळं समजवायला नको.) एका प्रयोगशाळेच्या रिसेप्शनवर असताना आतून एक राक्षस सुटतो. वेंडी किंचाळत नाही, वैतागते. तिचा हा थंडपणा बघून मिडलमन तिला कामावर घेतो. याचं ऑफिस बाहेरून टेंप पुरवणारी एजन्सी, आत एक इतकी गुप्त संस्था की ती कोण चालवतं हे खुद्द मिडलमनलाही ठाऊक नाही. क्लायंटचं नाव न कळता वर्षभर कोड लिहिलेल्यांना हेही ओळखीचं वाटेल.

आता इतिहास, कारण खरी गंमत तिथे आहे. हावियर ग्रिलो-मार्क्सुआक हा पोर्तो रिकोत जन्मलेला टीव्ही-लेखक. 'लॉस्ट'च्या पहिल्या दोन सीझनच्या लेखकांपैकी एक. 'मिडलमन' त्याने त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवला होता, आणि तो मुळात टीव्हीसाठीच. पायलट कुणी घेतला नाही. मग त्याने लेस मॅकक्लेन या चित्रकाराला गाठलं आणि त्याच स्क्रिप्टचं कॉमिक केलं. ते २००५ पासून व्हायपर कॉमिक्सने छापलं, आणि ते कॉमिक बघून टीव्हीवाले आले! म्हणजे लोक जिला कॉमिकवरून काढलेली मालिका समजतात, ती खरं तर टीव्हीची स्क्रिप्ट कॉमिकमध्ये पोर्ट करून पुन्हा टीव्हीवर पोर्ट केलेली. आपल्या धंद्यात असं झालं की दोन्हीकडचे बग एकत्र येतात. इथे उलट झालं.

टीव्हीवर कॉमिक म्हटलं की अजून १९६६ चा 'बॅटमॅन' आठवतो. भडक रंग, तिरके कॅमेरे, गुद्द्यासरशी पडदाभर उमटणारी अक्षरं. तो १२० भाग चालला आणि मजेदारच होता. पण त्यातला विनोद प्रेक्षकाला डोळा मारणारा होता: बघा, हे किती बावळट आहे! 'मिडलमन' डोळा मारत नाही. पडद्यावर स्थळ-वेळ सांगणाऱ्या खोडकर चौकटी येतात, शिवी आली की बीप आणि तोंडावर काळी पट्टी येते. पण खरं कॉमिक आहे ते संवादांत. माणसं फुग्यात न मावणारी, तीन-तीन ओळींची, व्याकरणशुद्ध वाक्यं धाडधाड बोलतात आणि श्वास घ्यायला थांबत नाहीत. प्रत्येक खलनायक आपला बेत सांगण्याआधी तो किती साधा आणि म्हणून किती सुंदर आहे हे त्याच ठरलेल्या वाक्यात सांगतो. चौथ्या-पाचव्या वेळी आपण सोफ्यावरून त्याच्याबरोबर म्हणायला लागतो.

भागांचे विषय तरी काय! माफियाचे सिनेमे बघून डॉन व्हायला निघालेला गोरिला. ट्राउट मासा मागत फिरणारे झॉम्बी. टायटॅनिकवरचा शापित ट्यूबा, जो ऐकणारा कोरड्या जमिनीवर गार पाण्यात बुडून मरतो. एका भागात केव्हिन सॉर्बो १९६९ पासून गोठवून ठेवलेला जुना मिडलमन म्हणून येतो, आणि साठच्या दशकातला मर्दानी हीरो आजच्या ऑफिसात कसा निभावत नाही हे हसतहसत दिसतं. हा भाग माझा सगळ्यात आवडता.

इतका वेडेपणा असूनही मालिका पोकळ वाटत नाही याचं श्रेय मी मॅट कीस्लर आणि नॅटली मोरालेस या दोघांना देतो. कीस्लरचा मिडलमन सज्जन आहे आणि त्याच्या सज्जनपणाची टर कुणी उडवत नाही. वेंडी टोमणे मारते, पण हळूहळू तिलाच त्याच्यासारखं व्हावंसं वाटू लागतं. दोघांत प्रेमप्रकरण नाही. गुरू-शिष्य आहेत, तेवढंच, आणि तेवढं पुरतं. वेंडी आणि तिची रूममेट लेसी यांची मैत्रीही पुरुषांविषयी बोलण्यापुरती नाही. आणि मेरी पॅट ग्लीसनची आयडा! खाष्ट बाईच्या रूपात अडकून बसलेला रोबो. ग्लीसन २०२० मध्ये गेल्या. मी त्यांना ओळखतो ते आयडा म्हणूनच.

मग चाललं का नाही? प्रेक्षक कमी होते, हे उघड उत्तर. पण जुलै २००८ मध्ये त्याच चॅनेलवर 'द सीक्रेट लाइफ ऑफ दि अमेरिकन टीनेजर' सुरू झाली, शाळकरी मुलीच्या गरोदरपणाची गोष्ट, आणि ती धो धो चालली. चॅनेलला आपला प्रेक्षक सापडला, आणि त्या प्रेक्षकाला शापित ट्यूबाशी देणंघेणं नव्हतं. तिकडे ज्यांना कॉमिक्सचं वेड होतं ते 'डार्क नाइट'च्या रांगेत उभे. त्यांना फॅमिली चॅनेल लावायचं सुचणार कसं? माझ्या मते मालिका ना दर्जाने मेली ना काळाच्या पुढे असल्याने. चुकीच्या दुकानात मांडलेला चांगला माल होता तो.

मूळ ऑर्डर तेरा भागांची होती, शूट झाले बाराच. तेरावी स्क्रिप्ट तयार होती, आणि बारा भागांत पेरलेले धागे तिच्यात जुळायचे होते. दुसरा कुणी असता तर ड्रॉवरमध्ये ठेवून पुढच्या नोकरीला लागला असता. ग्रिलो-मार्क्सुआकने २००९ मध्ये तिचं कॉमिक काढलं, आणि त्याच वर्षी सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये कलाकारांनी एकत्र बसून ती स्क्रिप्ट लोकांसमोर वाचली. पुढे २०१४ मध्ये चाहत्यांकडून वर्गणी गोळा करून आणखी एक पुस्तक केलं. त्यात कॉमिकमधला मिडलमन आणि टीव्हीवरचा मिडलमन एकमेकांना भेटतात. सहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मालिकेसाठी लोकांनी खिशातून पैसे काढले, हे मला कुठल्याही टीआरपीपेक्षा मोठं वाटतं.

बघायला बसलात तर सबटायटल्स लावून बसा, नाहीतर निम्मे विनोद कानावरून जातील. पहिल्या भागात वेग अंगावर येतो. दुसऱ्यापर्यंत सवय होते. आणि बारावा, आरशातल्या उलट्या जगाचा भाग संपला की लगेच तेराव्याचं कॉमिक वाचा. मी मध्ये बरेच दिवस जाऊ दिले आणि निम्मे धागे पुन्हा डीव्हीडी लावून आठवावे लागले.