ओसाड वाड्यातील विनोदी भुते

निजामाच्या अमलातील उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, ज्यांची प्रतिष्ठा जहागिरी, इनामे व वतने यांच्या सनदांवर उभी होती, त्यांच्या गढ्या आणि वाडे १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, विशेषतः १९४९ साली जहागिरी खालसा झाल्यावर, हळूहळू निस्तेज होत गेले. आणि जेथे एके काळी कारकुनांची वर्दळ व वसुलीचा दरारा होता, तेथे मुंजा आणि खवीस यांचा दखलकबजा लोकश्रुतीने विनातक्रार मंजूर केला.

अशा भुताला मराठी चित्रपटाने हसविण्याच्या कामी लावले. द. मा. मिरासदारांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मध्ये अशोक सराफांचे मराठेशाहीतील भूत दिलीप प्रभावळकरांच्या भित्र्या नायकाचा पाठीराखा होते. पुढे महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’ (२००४) मध्ये तेच प्रभावळकर वाड्यातील इनामदार भुसे यांचे भूत होऊन अवतरले. इनामे कायद्याने केव्हाच रद्द झालेली असताना हा इनामदार मरणोत्तरही आपला रुबाब सोडीत नाही, यातील उपहास मला सर्वांत रुचतो. ‘झपाटलेला’ (१९९३) अधिक लोकप्रिय, परंतु तेथील भय रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात आहे, वास्तूत नव्हे.

आजी आणि नातू एकाच रांगेत बसून या भुतांना हसू शकत, याचे कारण त्यांना नाव, गाव आणि हट्ट असे. निनावी भुताला मात्र कोणी हसत नाही.