बर्जर रोग
बर्जर रोग हा हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्यांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा विकार आहे. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. तो मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत आढळतो. चालताना तळपाय किंवा पोटरी दुखणे, बोटे थंड व निळसर पडणे ही त्याची लक्षणे होत. जखमा चिघळल्यास बोट किंवा पाय कापावा लागतो. श्रीगोंदा तालुक्यासारख्या ऊस पिकवणाऱ्या भागात हिवाळ्यात रात्री अनवाणी पायांनी पिकाला पाणी देणे अशा रुग्णास घातक ठरू शकते. पाय उबदार, कोरडे व जखमांपासून सुरक्षित ठेवावे लागतात. तथापि मशेरीसह सर्व प्रकारचा तंबाखू कायमचा सोडल्याखेरीज रोग थांबत नाही.